थेट प्रसारणात फोनवरून प्रश्न विचारताना : सीमाभागातील नव्या श्रोत्यांसाठी

कार्यक्रम सुरू असतानाच घरबसल्या फोन लावून तज्ज्ञांना प्रश्न विचारण्याची सोय आता जुनी झाली आहे. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कितीतरी मराठी श्रोते वर्षानुवर्षे असे कार्यक्रम मन लावून ऐकतात आणि फोन मात्र कधीच करत नाहीत. काहींना संकोच वाटतो, काहींना आपला प्रश्न किरकोळ वाटतो, आणि बहुतेकांना फोन लागल्यावर पुढे नेमके काय होते हेच ठाऊक नसते. त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती अशी की फोन-इन कार्यक्रमात आपण तज्ज्ञांशी खासगीत बोलत नसतो. आपल्या वाट्याला आलेली दोन मिनिटे ऐकणाऱ्या सगळ्यांची असतात, आणि आपला प्रश्न त्यांच्याही वतीने विचारलेला असतो. पुढच्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

कोणत्या केंद्राला फोन करावा

आपला भाग अनेक केंद्रांच्या मधोमध वसला आहे. धारवाड आकाशवाणी १९५० पासून सुरू असून तिचे कार्यक्रम मुख्यतः कन्नडमध्ये असतात. सांगली आकाशवाणी १९६३ मध्ये सुरू झाली, कोल्हापूर केंद्र एफएमवर १०२.७ या ठिकाणी लागते, आणि पणजी केंद्रावरून कोकणी व मराठी कार्यक्रम ऐकता येतात. बेळगाव शहरात केएलई संस्थेचा वेणुध्वनी हा सामुदायिक रेडिओ ९०.४ वर आहे. सामुदायिक रेडिओच्या प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅट एवढीच असते आणि त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे नीट पोहोचत नाही, म्हणून जांबोटी-कणकुंबीकडच्या श्रोत्यांनी त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘हॅलो सह्याद्री’सारखा फोन-इन कार्यक्रम गावोगावी परिचित आहे.

शेतीचा प्रश्न असेल तर माझे मत स्पष्ट आहे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील भात, बटाटा, भाजीपाला यांसाठी धारवाडच्या कार्यक्रमाला फोन करण्यास मराठी शेतकऱ्याने अजिबात कचरू नये, कारण धारवाड कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना या भागातील माती, पाऊस आणि इथे चालणारे वाण यांची जवळून माहिती असते. बाजारात, बँकेत, बस स्टँडवर आपण कन्नड बोलतोच. तेवढे कन्नड तिथेही पुरते. पिकाच्या रोगाचे कन्नड नाव आधी जवळच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात, विचारून ठेवले की अडचण उरत नाही. निपाणी-चिकोडी पट्ट्यातील उसासाठी मात्र सांगली-कोल्हापूरकडचा सल्लाही तितकाच उपयोगी पडतो, कारण नदीकाठची काळी जमीन आणि ऊस हे दोन्ही सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखेच आहेत.

केंद्र ठरल्यावर त्या कार्यक्रमाचे दोन-तीन भाग कागद-पेन घेऊन ऐकावेत. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या विषयावर आणि कोणत्या क्रमांकावर, हे निवेदक दरवेळी सांगतात. त्याबरोबर आणखी एक गोष्ट लक्षपूर्वक ऐकावी : कार्यक्रम खरोखर थेट आहे, की श्रोत्यांचे फोन आधी ध्वनिमुद्रित करून नंतर ऐकवले जातात? फर्माइशीच्या अनेक कार्यक्रमांत दुसरी पद्धत असते. तिथे प्रसारणाच्या वेळी फोन लावत बसल्यास कुणी उचलत नाही, आणि नवखा श्रोता निराश होऊन नाद सोडतो. मुद्रणाची वेळ वेगळी असते आणि तीही कार्यक्रमातच सांगितली जाते.

मोबाइलवरून स्थिर दूरध्वनीला फोन करताना आधी शून्यासह एसटीडी कोड लावावा लागतो. बेळगावचा कोड ०८३१ आहे, गोव्याचा ०८३२, धारवाडचा ०८३६, कोल्हापूरचा ०२३१ आणि सांगलीचा ०२३३. पहिल्या दोहोंत एकाच आकड्याचा फरक आहे, तेव्हा क्रमांक लिहून घेताना तो आकडा पुन्हा तपासावा. १८०० ने सुरू होणारा क्रमांक निःशुल्क असतो, १८६० ने सुरू होणाऱ्याला पैसे पडतात.

आपण कोणत्या राज्यातून बोलतो, हे आधी सांगावे

सीमाभागातील श्रोत्याने हे सांगितले नाही तर बाकीची सगळी तयारी वाया जाऊ शकते. सांगली आकाशवाणीला फोन लावून ‘मी खानापूरहून बोलतोय’ एवढेच म्हटले, तर स्टुडिओतल्या प्रत्येकाच्या मनात विट्याजवळचे, सांगली जिल्ह्यातले खानापूर येते. ते कमी पावसाचे, आणि आपले खानापूर पावसाने झोडपलेले. एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याच्या शेतात नुकसान करू शकतो. कोल्हापूरला फोन करणाऱ्या उचगावकराचेही तसेच होते, कारण करवीर तालुक्यात उचगाव आहे आणि बेळगाव तालुक्यातही आहे. बोरगावे तर किती आहेत याची गणतीच नको. म्हणून आपली ओळख एका दमात पूर्ण सांगावी : गाव, तालुका, जिल्हा आणि ‘कर्नाटक’.

योजना, अनुदान, दाखले, विमा यांबाबत तर हे फारच महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातील केंद्रावर बसलेला अधिकारी सातबारा, महाडीबीटी पोर्टल आणि तालुका कृषी अधिकारी यांच्याविषयी बोलतो. आपल्याकडे आरटीसी म्हणजे पहाणीचा उतारा लागतो, अर्ज रयत संपर्क केंद्रात होतो आणि शेतकऱ्याच्या नोंदणीसाठी फ्रूट्स आयडी विचारला जातो. महाराष्ट्रातील योजनेची माहिती ऐकून कागदपत्रांसाठी चार दिवस धावपळ केल्यावर ती आपल्याला लागूच नाही असे कळणे फार जिव्हारी लागते. राज्याचे नाव पहिल्याच वाक्यात आले, तर चांगला निवेदक स्वतःच तज्ज्ञांना थांबवून ‘हे कर्नाटकातले शेतकरी आहेत’ अशी आठवण करून देतो, आणि ऐकणाऱ्या इतर सीमावासीयांचीही दिशाभूल टळते. मग पिकाबद्दल, आजाराबद्दल, अभ्यासाबद्दल खुशाल विचारावे. योजनांची चौकशी मात्र आपल्या तालुक्याच्या कार्यालयात करावी.

प्रश्न लिहून काढावा

फोन हातात घेण्यापूर्वी प्रश्न कागदावर पूर्ण वाक्यांत लिहावा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा. वाचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत असेल तर तो कमी करावा. ऐनवेळी धडधड वाढते, पाठ केलेले विसरते, आणि कागद समोर असला की धीर राहतो.

लिहिताना काय घालावे, हे एका उदाहरणावरून दाखवतो. ‘माझ्या भाताला रोग पडलाय, काय फवारू?’ या प्रश्नाला प्रामाणिक तज्ज्ञ उत्तर देऊच शकत नाही. तो उलट चार प्रश्न विचारतो आणि त्यात सगळा वेळ निघून जातो. तोच प्रश्न असा विचारून पाहावा : ‘मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून बोलतोय. दीड एकरात इंद्रायणी भात आहे, लावणीला पाच आठवडे झाले. पानांवर होडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते ठिपके आलेत, ते मधे राखाडी आणि कडेने तपकिरी आहेत. आठवडाभर झिमझिम पाऊस आणि सकाळी धुके आहे. युरियाचा दुसरा हप्ता दहा दिवसांपूर्वी दिला, फवारणी अजून कसलीच केलेली नाही. हा करपा आहे का, आणि आता खत थांबवावे का?’ यात पीक, वाण, वय, लक्षण, हवामान, दिलेले खत आणि नेमकी शंका हे सगळे आले. करप्याचे ठिपके असेच दिसतात, आणि दमट हवेत नत्र जास्त झाले की तो बळावतो. त्यामुळे तज्ज्ञाला थेट मुद्द्यावर येता येते. शिवाय त्याच आठवड्यात तशीच पाने हातात घेऊन बसलेल्या दुसऱ्या शेतकऱ्याला तुमच्या वर्णनावरूनच आपल्या शेतातले दुखणे ओळखता येते. हा दुसरा लाभ मला पहिल्यापेक्षाही मोठा वाटतो.

आरोग्याच्या कार्यक्रमातही हीच रीत वापरावी : वय, किती दिवसांपासून त्रास आहे, कोणती औषधे चालू आहेत, रक्तदाब किंवा साखरेचे ताजे आकडे, आणि मग एकच शंका. एका फोनमध्ये एकच प्रश्न, हा नियम आपणहून पाळावा. ‘आणि अजून एक’ म्हणून दुसरा प्रश्न काढला, तर रांगेत थांबलेल्या कुणाची तरी संधी हुकते.

भाषेची काळजी करू नये. बेळगावकडची आपली बोली, तिचे हेल आणि तिच्यातले कन्नड शब्द यांत लाजण्यासारखे काही नाही. पुस्तकी बोलण्याच्या नादात माणूस अडखळतो आणि मूळ प्रश्न अर्धवट राहतो. आकडे तेवढे सावकाश आणि दोनदा सांगावेत. साध्या दूरध्वनीवरून आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, आणि स, श, फ यांसारख्या वर्णांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो. त्यामुळे समोर बसून स्वच्छ ऐकू येणारे ‘सहा’ फोनवर ‘दहा’ असे ऐकू येऊ शकते.

रेडिओचा आवाज आणि फोनची जागा

नव्या श्रोत्याकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे बोलताना शेजारी रेडिओ किंवा टीव्ही चालू ठेवणे. ‘रेडिओचा आवाज कमी करा’ असे निवेदक प्रत्येक कार्यक्रमात सांगतात, पण त्यामागचे कारण क्वचितच सांगतात. आपला आवाज फोनमधून स्टुडिओत जातो, तिथून प्रसारित होतो आणि आपल्याच रेडिओतून बाहेर पडतो. तो पुन्हा आपल्या फोनच्या माइकमध्ये शिरला की हे चक्र सुरू राहते आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी उठते. ती शिट्टी सगळ्या श्रोत्यांच्या घरात वाजते.

मोबाइलच्या ॲपवर किंवा यूट्यूबवर कार्यक्रम ऐकत असल्यास अडचण वेगळी असते. तिथे आवाज काही सेकंदांपासून अर्ध्या-पाऊण मिनिटापर्यंत उशिरा पोहोचतो. आपण बोलून मोकळे होतो आणि मग मागून आपलाच आवाज येऊ लागतो. नवखा माणूस गोंधळून बोलायचे थांबतो, किंवा निवेदकाने केव्हाच विचारलेल्या प्रश्नाची वाट पाहत बसतो. यावर उपाय साधा आहे. फोन लागताच रेडिओ, टीव्ही आणि ॲप पूर्ण बंद करावे आणि फक्त फोनमधून येणाऱ्या आवाजावर लक्ष द्यावे. स्टुडिओतील यंत्रणा अशी जोडलेली असते की आपला स्वतःचा आवाज सोडून कार्यक्रमातले बाकी सर्व काही आपल्याला फोनमध्येच ऐकू येते, म्हणून रेडिओ बंद केल्याने काही चुकत नाही. उत्तर नंतरही ऐकायचे असेल तर दुसऱ्या खोलीत, दार लावून, घरातल्या कुणाला तरी ते ध्वनिमुद्रित करायला सांगावे.

स्पीकर फोन वापरू नये, कारण खोलीतला घुमारा, पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी हे सगळे त्यातून हवेवर जाते. फोन कानाला लावून, माइक तोंडापासून बोटभर दूर ठेवून नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडून बोलल्याने आवाज मोठा होत नाही, फाटतो.

आपल्या भागात रेंजचा प्रश्न खरा आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात घराच्या एका कोपऱ्यात रेंज असते आणि दुसऱ्यात नसते. तेव्हा चांगली जागा आदल्या दिवशीच शोधून ठेवावी आणि बोलताना ती सोडू नये. निपाणी-कागल भागात तर मोबाइल कधी कर्नाटकातला टॉवर धरतो, कधी महाराष्ट्रातला, आणि चालत चालत बोलल्यास अदलाबदलीत आवाज तुटतो. घरी तांब्याच्या तारेचा जुना दूरध्वनी अजून चालू असेल तर तोच वापरावा. त्याला वीज एक्स्चेंजमधून येते, त्यामुळे पावसाळ्यात दिवे गेले तरी तो चालतो. फायबरवरचा फोन मात्र घरातल्या राउटरवर अवलंबून असल्याने विजेबरोबर बंद पडतो.

फोन लागल्यावर काय घडते

कार्यक्रम सुरू होऊन निवेदकाने क्रमांक जाहीर केला की सगळे एकदमच फोन लावतात आणि लाइन एंगेज मिळते. धीर धरून पुन्हा लावावा. शेवटच्या दहा मिनिटांची वाट पाहू नये. त्या वेळी लाइन मोकळी मिळते खरी, पण प्रश्नाला न्याय मिळत नाही.

फोन उचलणारी पहिली व्यक्ती निवेदक नसते. तो केंद्रातला कर्मचारी असतो; तो आपले नाव, गाव आणि प्रश्न थोडक्यात विचारतो, आणि हे बोलणे प्रसारित होत नाही. त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे, विषयाबाहेरचा प्रश्न असेल तर त्याचे म्हणणे मानावे, आणि आपला मोबाइल क्रमांक द्यायचा झाल्यास इथेच द्यावा. मग आपल्याला होल्डवर ठेवले जाते किंवा फोन ठेवायला सांगून केंद्रातूनच परत फोन येतो. परत फोन येणार असेल तर तेवढा वेळ आपली लाइन मोकळी ठेवावी, घरातल्या कुणालाही त्या फोनवरून बोलू देऊ नये. होल्डवर असताना कार्यक्रम ऐकू येत असतो, आणि तो नीट ऐकणे आपल्याच हिताचे असते. कदाचित आधीच्या श्रोत्याने आपलाच प्रश्न विचारलेला असेल. तसे झाल्यास तोच प्रश्न पुन्हा न विचारता त्याच्या पुढची शंका विचारावी, म्हणजे बाकीच्यांच्याही पदरात काहीतरी नवे पडते.

निवेदकाने नाव घेतले की आपण हवेवर आलो. इथे ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’ करण्यात वेळ घालवू नये. आवाज येत नसेल तर निवेदक स्वतः सांगतो. ‘नमस्कार’ म्हणून लगेच कागदावरचा मजकूर सुरू करावा. कार्यक्रमाची आणि निवेदकाची स्तुती मनापासून करावीशी वाटली तरी ती पत्रासाठी राखून ठेवावी. तज्ज्ञ बोलू लागले की मधे हुंकार देऊ नयेत, कारण फोनच्या यंत्रणेत एका वेळी दोघे बोलले तर दोघांचेही शब्द दबतात. उत्तर संपल्यावर मात्र एक काम आवर्जून करावे : औषधाचे नाव, प्रमाण किंवा तारीख सांगितली असेल तर ती आपल्या तोंडून एकदा म्हणून दाखवावी. ‘म्हणजे दहा लिटर पाण्याला एवढे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा, असंच ना?’ असे विचारल्याने आपली खात्री होते आणि पेन शोधत असलेल्या ऐकणाऱ्यालाही ते टिपून घेता येते.

काही वेळा बोलणे मधेच तोडले जाते. वेळ संपलेला असतो, लाइन खराब झालेली असते किंवा पुढे बातम्या असतात. बातम्यांची वेळ कुणासाठी थांबत नाही. त्यात अपमान मानू नये.

काय टाळावे

आकाशवाणीची स्वतःची संहिता आहे. कोणत्याही धर्मावर किंवा समाजावर टीका, कुणाची बदनामी, राजकीय पक्षाचे नाव घेऊन हल्ला, चिथावणी हे तिथे चालत नाही, आणि काही केंद्रे प्रसारण काही सेकंद मागे ठेवून असे बोलणे वेळीच कापतात. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आपल्या प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे, हे मीही त्याच भागातला असल्याने जाणतो. परंतु भाताच्या रोगावरील कार्यक्रमात तो काढला तर फोन तुटतो, रोगाचा प्रश्न राहून जातो आणि पुढच्या वेळी आपल्या भागातून फोन आला की उचलणारा आधीच सावध होतो. त्याची झळ आपल्या मागून फोन करणाऱ्याला बसते. त्या विषयावर चर्चेचा कार्यक्रम असेल तेव्हा तारखा आणि कागदपत्रे समोर ठेवून ठामपणे बोलावे.

दुसऱ्या कुणाच्या आजाराबद्दल विचारताना त्याचे नाव आणि नाते सांगू नये. ‘आमच्या शेजारच्या काकूंना’ एवढे म्हटले तरी गावात ओळख पटते. ‘एका पन्नाशीच्या बाईंना’ एवढे पुरे. मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते जाहीर कार्यक्रमात बोलण्यापेक्षा टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा अहोरात्र आणि निःशुल्क आहे.

मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि खाते यांपैकी काहीही हवेवर सांगू नये. आपले नाव-गाव हजारो लोकांनी ऐकलेले असते, आणि ‘तुम्ही कार्यक्रमात बोललात, तुम्हाला बक्षीस लागले आहे’ असे सांगून ओटीपी मागणारा फोन येऊ शकतो. खरे केंद्र ओटीपी कधीच मागत नाही. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० वर तक्रार करावी.

फोन ठेवल्यावर

मिळालेले उत्तर त्याच कागदावर, तारीख, केंद्र, कार्यक्रम आणि तज्ज्ञांचे नाव घालून लिहून ठेवावे. शेतीचा सल्ला असेल तर तो अमलात आणण्यापूर्वी शेतातले एक रोगट रोप घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा रयत संपर्क केंद्रात दाखवून यावे, कारण आवाजावरून केलेले निदान हे शेवटी अंदाजाचेच असते. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. वैद्यकीय सल्ल्याबाबत हे आणखी काटेकोरपणे पाळावे : चालू असलेली गोळी रेडिओवर ऐकून बंद करू नये किंवा बदलू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

फोन लागलाच नाही तर प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवावा; बऱ्याच कार्यक्रमांत पत्रांनाही उत्तरे दिली जातात आणि काही केंद्रे व्हॉट्सॲप क्रमांकही देतात. व्हॉट्सॲपवर पिकाचा फोटो पाठवताना पान हातात धरून, सावलीत, जवळून काढावा आणि सोबत तीच माहिती लिहावी, जी फोनवर सांगितली असती. शेतीची निकड असेल आणि कार्यक्रमाला अजून चार दिवस असतील, तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत विचारता येते. सल्ला लागू पडला, तर महिनाभराने त्याच कार्यक्रमाला पुन्हा फोन करून काय केले, किती खर्च आला आणि पीक कसे राहिले हे थोडक्यात सांगावे. सल्ला लागू पडला नाही, तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.